तारा घेण्याआधी नट बघा: नवशिक्या हातासाठी गिटारच्या तारांची निवड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी अकरावीत आहे, वर्षभर गिटार शिकतेय. गिटार साधी ४१ इंची ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या अंगाची. बोटं दुखतात म्हणून सराव टाळते, पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक, तार वरचेवर तुटते आणि पावसाळा लागला की तारा काळ्या पडतात. गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात तिला भावगीतांना साथ करायची आहे. दुकानात एक जण म्हणतो एकदम बारीक तारा घ्या, दुसरा म्हणतो जाड घ्या म्हणजे तुटायच्या नाहीत, तिसरा महागडी कोटेड (पातळ थर दिलेल्या तारांची) पाकिटं पुढे सरकवतो. ऐकायचं कोणाचं?

उत्तर आधी देऊन टाकतो. ११-५२ चा कस्टम लाइट सेट घ्या, फॉस्फर ब्राँझचा, आणि जून ते सप्टेंबर कोटेड. पण पैसे मोजण्याआधी गिटार दुरुस्तीवाल्याकडे नेऊन नट आणि सॅडल, म्हणजे तारा दोन टोकांना ज्यांवर टेकतात त्या पट्ट्या, तपासून घ्या. ते केलं नाही तर तारा कितीही बदला, बोटं दुखायची थांबणार नाहीत. मी बडोद्यात बरीच वर्षं गिटार शिकवतो आणि दुरुस्तही करतो. नवशिक्यांची सगळ्यात जास्त तक्रार 'तारा टोचतात' हीच असते, आणि बहुतेक वेळा दोष तारांचा नसतोच.

त्याआधी एक खात्री करून घ्या. गिटार स्टीलच्या तारांचीच आहे ना? ब्रिजकडे, म्हणजे पुढच्या फळीवर तारा जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीकडे, बघा. सहा गोल पिना खोचलेल्या दिसल्या तर स्टीलची. तार ब्रिजमधून आडवी ओवून तिचीच गाठ मारलेली असेल आणि हेडमध्ये दोन लांबट खाचा असतील, तर ती क्लासिकल, नायलॉनच्या तारांची. हे सांगायचं कारण असं की क्लासिकल गिटार स्वस्तात मिळाली म्हणून घेतात, आवाज मऊ वाटतो म्हणून तिला स्टीलच्या तारा चढवतात आणि काही महिन्यांत ब्रिज उखडलेला घेऊन माझ्याकडे येतात. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण चाळीस किलोच्या आसपास असतो, स्टीलच्या नेहमीच्या लाइट सेटचा चौऱ्याहत्तरच्या. क्लासिकल गिटारला नायलॉन लागलं ते १९४० च्या दशकात, न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांच्यामुळे. त्याआधी आतड्याच्या तारा असत. क्लासिकल गिटारच्या आतल्या पट्ट्या त्या हलक्या ताणाला बेतलेल्या, आणि मानेत बहुधा ट्रस रॉडही (मान सरळ ठेवणारी धातूची सळई) नसतो. तिला स्टील लावायचंच नाही, एकदम बारीक सेटसुद्धा नाही.

आता गेज, म्हणजे तारेची जाडी. पाकिटावरचा आकडा हा इंचाचा हजारावा भाग. १२ म्हणजे ०.०१२ इंच, साधारण ०.३ मिलिमीटर. सेटचं नाव पहिल्या आणि सहाव्या तारेवरून पडतं: १०-४७ एक्स्ट्रा लाइट, ११-५२ कस्टम लाइट, १२-५३ लाइट, १३-५६ मीडियम. बडोद्यात इथे एक घोटाळा हमखास होतो. गायक मौलाबक्षांनी १८८६ साली इथे गायनशाळा काढली तेव्हापासून या गावातल्या मराठी घरांना तंबोरा-सतारीची सवय आहे, आणि त्या तारांचा नंबर उलटा चालतो. तंबोऱ्याची ३२ नंबरची तार २९ नंबरपेक्षा बारीक असते. आजी-आजोबांच्या तंबोऱ्याला तारा आणून देणारे पालक गिटारच्या दुकानात गेले की 'मोठा नंबर द्या, मुलीला बारीक हवी' असं मागतात आणि तेराचा सेट घेऊन घरी येतात. गिटारला नंबर मोठा तर तार जाड.

साडेपंचवीस इंची स्केलच्या (नटपासून सॅडलपर्यंत तारेच्या लांबीच्या) गिटारवर, नेहमीच्या सुरात लावल्यावर, सहा तारांचा एकूण ताण ढोबळमानाने असा पडतो: १०-४७ ला साठ किलो, ११-५२ ला अडुसष्ट, १२-५३ ला चौऱ्याहत्तर, १३-५६ ला पंचाऐंशी. पहिल्या तारेपुरतं बोलायचं तर फरक आणखी ठळक आहे. साध्या (वर गुंडाळी नसलेल्या) तारेचा ताण तिच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे बारा ऐवजी दहा घेतली की त्या एका तारेचा ताण तीस टक्क्यांनी उतरतो. बाराची पहिली तार साडेदहा किलोने ओढलेली असते, दहाची साडेसातनेही नाही.

मग दहाचाच सेट का नको? पहिले दोन-तीन महिने घ्यायला हरकत नाही. पण ड्रेडनॉटची पुढची फळी मोठी, तिला हलवायला तारेत जोर लागतो. दहाच्या तारांवर तीच गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. दुसरं, नवशिक्याचं बोट तार सरळ खाली दाबत नाही, थोडी बाजूला ढकलतं. ढिली तार लगेच सरकते आणि कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) बेसूर लागते. मुलं म्हणतात ट्युनिंग टिकत नाही; ट्युनिंग ठीक असतं, तार सरकलेली असते. तिसरं, ढिली तार जास्त झोके घेते आणि फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, आपटून खरखरते. अकरा हा मधला मार्ग. वर्षभर शिकलेल्या मुलीच्या बोटांना घट्टे पडलेले असतात, तिला अकराचा त्रास व्हायला नको. होत असेल तर नटकडे वळा.

नट म्हणजे मानेच्या टोकाशी, हेडच्या अलीकडे असलेली पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात. कारखान्यातून येणाऱ्या स्वस्त गिटारींत या खाचा मुद्दाम उथळ ठेवतात, कारण खोल खाच खरखरली तर गिटार परत येते आणि उथळ खाच नुसती बोटं दुखवते. त्याची तक्रार कोणी करत नाही. मुलीकडे कॅपो (मानेवर लावून सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) असेल तर आजच एक करून बघा. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा आणि तिला नेहमीच्याच कॉर्ड वाजवायला सांगा. कॅपोने तारेचा ताण जवळजवळ बदलत नाही, फक्त नट हिशेबातून बाहेर जातो. 'अरे, हे तर सोपं आहे' असं ती म्हणाली, तर दोष नटचा, तारांचा नाही.

दुसरी तपासणी आणखी बारकाईची. सहावी तार तिसऱ्या फ्रेटच्या लगत मागे दाबून धरा, म्हणजे ती दुसऱ्या फ्रेटला टेकते. आता पहिल्या फ्रेटच्या डोक्यावर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते उजेडाकडे धरून बघा. तिथे बोटाने टिचकी मारली तर बारीकसा 'टिक्' यावा, आणि फट कागदाच्या जाडीएवढी असावी. व्हिजिटिंग कार्ड आत शिरत असेल तर खाच बरीच उंच आहे. सहाही तारांना हे करा. बहुतेक वेळा पहिली आणि दुसरी सगळ्यात वाईट निघतात, आणि एफची कॉर्ड का लागत नाही त्याचं कारण तिथेच सापडतं. खाच खोल करायला त्या-त्या जाडीच्या कानशी लागतात. घरी करवतीच्या पात्याने करू नका. एकदा जास्त खोल गेली की रिकामी (कुठेही न दाबलेली) तार खरखरते आणि नटच बदलावा लागतो.

ब्रिजच्या बाजूला सॅडल. बाराव्या फ्रेटवर सहावी तार फ्रेटपासून अडीच मिलिमीटर आणि पहिली दोनच्या आसपास असावी. दुकानातून आलेल्या गिटारींत साडेतीन-चारही सापडतं. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं, कारण बारावा फ्रेट बरोबर मध्यावर. आणि ते खालच्या बाजूने घासायचं, पॉलिशपेपर सपाट काचेवर ठेवून; वरची गोलाई तशीच राहिली पाहिजे. सॅडल घासण्यातला शेवटचा टप्पा पावसाळ्यासाठी राखून ठेवा असं मी सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड ओल खातं, पुढची फळी ब्रिजपाशी थोडी फुगते आणि ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, आपोआप वाढते. मेमध्ये बरोबर वाटलेली गिटार ऑगस्टमध्ये कडक लागते ती यामुळे. पण तेव्हाही जपून: पावसाळ्यात अगदी खाली घासलेलं सॅडल एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात खरखरायला लागतं.

ट्रस रॉडचं एवढंच सांगतो की बाराहून दहावर गेलात तर मान थोडी मागे जाते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर येते. बाराहून अकराला बहुधा हात लावावा लागत नाही. लागलाच तर पाव फेऱ्याच्या वर नको, आणि तोही जाणकाराकडून.

आता ती गोष्ट, जी दुकानात कोणी सांगणार नाही आणि तुमच्या मुलीला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. ती भावगीतांना साथ करणार आहे. म्हणजे गाणाऱ्या बायकांचा सूर काळी चार किंवा काळी पाच, पुरुषांचा काळी एक, काळी दोन. आपल्याकडची पेटी काळ्या पट्ट्यांवर चालते आणि गिटारच्या सोप्या कॉर्ड पांढऱ्यांवर. मुलं मग कॅपो घेऊन वर-खाली पळत राहतात. त्यापेक्षा सगळी गिटारच अर्धा सूर, म्हणजे एका फ्रेटएवढी, खाली लावा, सहाही तारा. आता तिने ए कॉर्डच्या बोटांनी वाजवलं की काळी चार निघते, डी च्या बोटांनी काळी एक, ई च्या बोटांनी काळी दोन, जी च्या बोटांनी काळी तीन. कॅपोची गरज नाही. काळी पाच हवी तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि ए ची बोटं.

आणि याचा तारांशी थेट संबंध आहे. सूर अर्ध्याने उतरला की ताण अकरा टक्क्यांनी उतरतो. १२-५३ चा सेट अर्धा सूर खाली लावला तर एकूण ताण सहासष्ट किलोच्या आसपास येतो, म्हणजे नेहमीच्या सुरातल्या ११-५२ पेक्षाही थोडा कमी. आवाज मात्र बाराचा भरदार. त्यामुळे ती मुख्यतः साथच करणार असेल आणि अर्धा सूर खाली लावायला तयार असेल, तर माझी शिफारस बदलते: बाराचा सेट घ्या. क्लासमध्ये बाकीच्यांबरोबर नेहमीच्या सुरात वाजवायचं असेल तर अकरा. रोज वर-खाली करत बसू नका, तारा दमतात आणि सुरात टिकत नाहीत. खाली लावलेल्या गिटारवर क्लासला जायचं असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की ती पुन्हा नेहमीच्या सुरात येते.

पहिली तार तुटते त्याबद्दल. 'जाड घ्या, तुटणार नाही' हे ऐकायला पटतं, पण चूक आहे. जाड तार मजबूत असते हे खरं, पण त्याच सुरात आणायला तिला ताणही तितक्याच पटीने जास्त द्यावा लागतो. तारेच्या दर चौरस मिलिमीटरवर येणारा भार दहाला, बाराला, तेराला सारखाच. चांगली पोलादी तार त्या भाराच्या दीडपटीहून जास्त सहज सोसते. म्हणजे तुमच्या मुलीची तार सुराच्या ताणाने तुटत नाही, दुसरं काहीतरी तिला कापतंय किंवा खातंय.

तुटलेला तुकडा टाकून देऊ नका, कुठे तुटली ते बघा. सॅडलवर तुटली असेल तर सॅडलची कड धारदार आहे. हजार नंबरच्या पॉलिशपेपरने तिथे हलकं घासलं की काम होतं. पिनेजवळ, गोळीच्या (तारेच्या टोकाला असलेल्या धातूच्या मण्याच्या) वरच्या पिळात तुटली तर तार नीट बसवली नव्हती: गोळी पिनेच्या टोकावर अडकलेली असते, ताण आला की झटक्याने सरकते. तार घालताना पिन खोचून झाली की तार वर ओढून गोळी आतल्या फळीला टेकल्याचा अंदाज घ्यायचा, मग पिन पुन्हा दाबायची. नटवर तुटली आणि ट्युन करताना 'टिंग' असा आवाज येत असेल तर खाच तारेला चिमटते. तिथे पेन्सिलीचं शिसं घासा. खुंटीवर तुटली तर खुंटीच्या भोकाची कड, किंवा तार फार घट्ट मुडपली गेली. आणि साउंडहोलच्या (मधल्या गोल भोकाच्या) जवळ, पिक लागतो तिथे तुटली, तर बहुतेक गंज.

नवशिक्यांत आणखी एक प्रकार दिसतो. मोबाइलवर ट्युनर लावलेला असतो, पडद्यावर हवं ते अक्षर येत नाही म्हणून पहिल्या तारेची खुंटी पिळत राहतात, आणि छेडत असतात मात्र दुसरीच तार. पहिली वर वर जाते आणि तुटते. मुलगी ट्युन करताना एकदा शेजारी बसून बघा.

धातूवर लोक सगळ्यात जास्त वाद घालतात, आणि माझ्या मते त्याला तेवढं महत्त्व नाही. दोन मुख्य प्रकार. ८०/२० म्हणजे ऐंशी टक्के तांबं आणि वीस टक्के जस्त, सरळ पितळ. नवी असताना खणखणीत, उजळ, पण लवकर मंदावते. फॉस्फर ब्राँझमध्ये तांबं सुमारे ब्याण्णव टक्के, बाकी मुख्यतः कथील आणि नावापुरता फॉस्फरस. डॅडारिओ कंपनीने गिटारसाठी ती १९७४ साली आणली. आवाज थोडा उबदार, आणि उजळपणा ८०/२० पेक्षा जास्त दिवस टिकतो. गाण्याच्या साथीला मला फॉस्फर बरी वाटते, कारण ८०/२० चा चकचकीत वरचा आवाज गायिकेच्या आवाजाच्या अंगावर येतो. सिल्क अँड स्टील नावाचा एक मऊ प्रकारही मिळतो, ताण फारच कमी. लहान अंगाच्या जुन्या गिटारला छान, ड्रेडनॉटला अपुरा. मात्र हे लक्षात ठेवा की ब्राँझ फक्त तिसरीपासून सहावीपर्यंतच्या गुंडाळीत असतं. पहिली आणि दुसरी प्रत्येक सेटमध्ये साधी पोलादी तार असते, वरून कथलाचा पातळ मुलामा. म्हणून सगळ्यात आधी त्याच दोन गंजतात, मग पाकिटावर ब्राँझ कोणतंही लिहिलेलं असो.

आता बडोद्याची हवा. डिसेंबर-जानेवारीत साध्या, म्हणजे कोटेड नसलेल्या, तारा दोन-तीन महिने मजेत चालतात. पाऊस सुरू झाला की बफारा, हात सतत ओले, आणि त्याच तारा तीन-चार आठवड्यांत संपतात. संपणं म्हणजे तुटणं नाही. गुंडाळीच्या फटींत घाम आणि बोटांच्या कातडीची भुकटी बसते, तार एका जागी जड आणि दुसऱ्या जागी हलकी होते, आणि मग बाराव्या फ्रेटवरचा सूर रिकाम्या तारेशी जुळत नाही. आवाज मेलेला, आणि कितीही ट्युन करा, कॉर्ड गोड लागत नाही. पहिल्या-दुसऱ्या तारेवरून अंगठ्याचं नख ओढा. खडबडीत लागलं तर ती गेली.

कोटेड तारेवर प्लास्टिकसारखा अगदी पातळ थर असतो आणि तो गुंडाळीच्या फटीच झाकून टाकतो. एलिक्सिर ही यातली सगळ्यात नावाजलेली, बाकीच्या मोठ्या कंपन्यांनीही आपापल्या काढल्यात. किंमत साध्या सेटच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. पण घामट हाताच्या माणसाला पावसाळ्यात त्या तिप्पट-चौपट टिकतात, तेव्हा हिशेब जमतो. हिवाळ्यात तेवढा जमत नाही, म्हणून मी तेव्हा साध्या लावतो. हाताचा घामही माणसागणिक वेगळा: माझ्याकडे दोन भाऊ एकाच घरातून, एकाच गिटारवर शिकायला यायचे. धाकट्याने आठवडाभर वाजवली की तारा काळ्या, थोरल्याच्या हातात महिनाभर लख्ख. मुलगी कोणत्या गटातली ते तिच्या स्टीलच्या घड्याळावरून, जुन्या कड्यावरून कळेल. कोटिंग पिकच्या जागी पिसासारखं सुटायला लागतं, ते दिसलं म्हणून लगेच तारा बदलायची गरज नाही. आवाज गेला की बदला.

फुकटचा उपाय कोणी करत नाही: वाजवायच्या आधी हात धुवायचे आणि वाजवून झाल्यावर सुती फडक्याने प्रत्येक तार वरून-खालून पुसायची. शेव-उसळ खाऊन हात नुसते रुमालाला पुसले आणि गिटार उचलली, तर कोटेडचे पैसेही पाण्यात. तारांना खोबरेल किंवा मशीनचं तेल लावू नका. ते गुंडाळीत शिरतं, आवाज बसतो आणि फिंगरबोर्डवर चिकटा धरतो. बोटांना पावडरही नको. गिटार बॅगेत, बॅगेत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या, आणि बॅग ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवून नाही. जुन्या तारा पाण्यात उकळून पुन्हा लावायची युक्ती बेसवाले करतात, कारण त्यांचा सेट महाग. तुमच्या सहा तारांसाठी गॅस जाळू नका, गंज काही त्याने उतरत नाही.

कंपनी कोणती? डॅडारिओ, मार्टिन, एर्नी बॉल, एलिक्सिर, यांतली कोणतीही चालेल. नवशिक्याच्या कानाला त्यांच्यातला फरक कळण्याआधी तारा जुन्या होतात. मात्र नकली माल खूप आहे, विशेषतः अविश्वसनीय स्वस्त ऑनलाइन पाकिटांत. डॅडारिओच्या तारांच्या गोळ्या रंगीत असतात: पहिली रुपेरी, दुसरी जांभळी, तिसरी हिरवी, चौथी काळी, पाचवी लाल, सहावी पितळी. रंग खरवडून निघाला, किंवा डॅडारिओची प्रत्येक तार वेगळ्या कागदी पाकिटात आली, तर शंका घ्या.

आणखी एक जवळून बघायची गोष्ट, कारण यात दुकानदारही चुकतात. १०-४७ हा अकूस्टिकचा (तुमच्यासारख्या बिनविजेच्या गिटारचा) सेट आणि १०-४६ हा इलेक्ट्रिकचा. आकडे शेजारी, तारा वेगळ्या. इलेक्ट्रिकच्या सेटमध्ये तिसरी तार साधी असते आणि गुंडाळी निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची. अकूस्टिकवर तो सेट लावला तर दुसरी-तिसरी किंचाळतात आणि खालच्या तारा मुक्या. पाकीट उघडल्यावर तिसरी तार गुंडाळलेली आहे ना, एवढं बघा.

गणपतीसाठी वेळापत्रक असं ठेवा. नट-सॅडलचं काम जुलैत करून घ्या, दुरुस्तीवाल्याला कोणत्या गेजच्या तारा लावणार ते आधीच सांगा, म्हणजे खाचा त्या जाडीला बेतल्या जातील. नव्या तारा कार्यक्रमाच्या तीन-चार दिवस आधी चढवा, त्याच संध्याकाळी नाही; नवी तार पहिले दोन दिवस उतरत राहते. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरे, सात-आठ वेढे मारले तर ते आवळत बसतात आणि सूर घसरतो. चढवल्यावर प्रत्येक तार मधोमध धरून हलकेच वर ओढा, पुन्हा सुरात आणा, सूर उतरायचा थांबेपर्यंत हे करा. जुन्या तारा सगळ्या एकदम काढल्या तर मान वाकते असं कोणी सांगेल. काही होत नाही, उलट फिंगरबोर्ड पुसायला तीच वेळ बरी.

आणि बॅगेत दोन सुट्या तारा ठेवा, पहिली आणि दुसरी. दुकानात मागताना 'पहिली तार द्या' म्हणू नका, काउंटरवरच्या मुलाच्या हाताला बहुधा इलेक्ट्रिकची नऊ लागते. आकडा सांगून मागा: अकराच्या सेटला साधी ११ आणि १५, बाराच्या सेटला १२ आणि १६.